निकाल लागेपर्यंत लांबचा रस्ता

माझा मामा घंटी वाजवतो. देवळात नाही, शाळेत नाही, वीज दर आयोगात. लोकांना वाटतं मी फेकते, पण खरंच अशी नोकरी असते.

विजेचे दर ठरवायच्या आधी आयोगाला लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं. त्याला जनसुनावणी म्हणतात. मोठा हॉल असतो, पुढे अध्यक्षबाई आणि दोन सदस्य बसतात, एका बाजूला वीज कंपनीचे वकील, आणि समोर खुर्च्यांवर ज्यांना बोलायचंय ते सगळे. प्रत्येकाला पाच मिनिटं. पाच मिनिटं झाली की कोपऱ्यातल्या टेबलामागे बसलेला माझा मामा पितळी घंटीवर तळहात मारतो. टिंग! विषय संपला, बसा खाली. बाकीचे दिवस तो फायली इकडच्या तिकडे करतो, नोटीस बोर्डावर कागद लावतो, हॉलमधला कुठला पंखा कुरकुरतोय ते बघतो. पण ती कामं कुणीही करेल. घंटी फक्त मामा.

घंटी तो जुन्या मोज्यात गुंडाळून कपाटात ठेवतो. सुनावणीच्या आदल्या दिवशी तिला असं चकाचक करतो की तिच्यात तोंड बघून भांग पाडावा. आणि तिच्याबाबतीत तो इतका कडक आहे की काय सांगू. मोठ्या कंपनीचा सुटाबुटातला वकील असो नाहीतर कोपऱ्यावरचा पिठाच्या गिरणीवाला, पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. माझे बाबासुद्धा सुटले नाहीत! ते एकदा घरगुती दराबद्दल हरकत घ्यायला गेले होते. तीन रात्री आरशासमोर भाषण पाठ केलेलं. शेवटचं वाक्य सुरू झालं, "आणि म्हणूनच, अध्यक्षमहोदया, माझं असं ठाम..."

टिंग.

सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला! बाबा अजून विसरले नाहीत. जेवताना मध्येच म्हणतात, "माझं वाक्य राहिलं." ठाम काय होतं ते आजपर्यंत कुणालाही कळलेलं नाही.

मामा आमच्याच घरात, पुढच्या खोलीत राहतो. आईपेक्षा मोठा, पन्नाशी ओलांडलेला, बिनलग्नाचा. लग्न का नाही झालं तर त्याचं कारण पण घंटीच असावी असं मला वाटतं. म्हणजे सवय. आईबाबांचं भांडण लागलं की मामा पेल्यावर चमचा वाजवतो. "चिमणे, तुझा वेळ संपला, आता त्यांना बोलू दे." चिमणी म्हणजे माझी आई. मुली बघायच्या दिवसांत त्याने एका ठिकाणी मुलीच्या काकांना बोलता बोलता थांबवलं होतं म्हणे. काकांनी चहाचा कपसुद्धा उचलून परत आत नेला.

तर मुद्दा असा की असला हा मामा प्रेमात पडला, आणि ते भर सुनावणीत, शंभर माणसांसमोर, आणि मी तिथे होते!!

मी तिथे का होते तर कॉलेजला सुट्टी होती, हॉलमध्ये एसी आहे, आणि चहाबरोबर क्रीमची बिस्किटं मिळतात. मला विजेच्या दराशी काही देणंघेणं नव्हतं. विषय होता गाड्या चार्ज करायच्या स्टेशनांना वीज कुठल्या दराने द्यायची. मी शेवटच्या रांगेत बसून बिस्किटाची वरची बाजू वेगळी काढत होते.

मामाने नाव पुकारलं आणि एक बाई उठल्या. उंच, पांढरे स्पोर्ट्स शूज, केसांची घट्ट वेणी, आणि गळ्यात शिट्टी. खरी शिट्टी, दोरीला बांधलेली. मागून दोनतीन टॅक्सीवाले ओरडले, "बोला टीचर!" त्या आधी शाळेत पीटी शिकवायच्या. शाळा सोडली आणि जमवलेल्या सगळ्यातून जुन्या गोदामाच्या आवारात चार्जिंग स्टेशन टाकलं. चार मशीनं. टॅक्सीवाले, सामान पोचवणारे टेम्पोवाले, सगळे तिथे येतात आणि सगळे त्यांना टीचरच म्हणतात, म्हणून मीही टीचरच म्हणणार.

"माझ्याकडे मशीनं चार आहेत," टीचर म्हणाल्या, "आणि मी एका वेळी चालवते एक. का? विचारा."

अध्यक्षबाईंनी खरंच विचारलं, "का?"

"कारण मला दोन प्रकारे बिल येतं. जेवढी वीज वापरली तिचं वेगळं. ते ठीक आहे. पण दुसरं असं की महिन्याभरात ज्या पंधरा मिनिटांत मी सगळ्यात जास्त वीज एकदम ओढली, त्या पंधरा मिनिटांवरून अख्ख्या महिन्याचा आकार ठरतो. एका दिवशी, एकदाच, चार गाड्या एकदम लागल्या, की झालं! मग उरलेला महिना स्टेशनवर चिटपाखरू येवो न येवो. म्हणजे वर्गात एक दिवस सगळी मुलं एकदम ओरडली म्हणून शाळेला महिनाभर रोज ओरडल्याचा दंड."

हॉल हसला. कंपनीचे वकील उठून म्हणाले, तार आणि ट्रान्सफॉर्मर तर आम्हाला चारही गाड्यांच्या हिशोबाने तयार ठेवावे लागतात, त्याचा खर्च कोण देणार? आणि मला टीचर इथेच आवडल्या, कारण त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. खर्च घ्या ना. पण वापरलेल्या विजेच्या दरात मिसळून घ्या. गाड्या वाढतील तसा तुमचाही वाटा वाढेल. आत्ता गाड्याच कमी आहेत, आणि ज्या आहेत त्या सगळ्या नेमक्या दुपारच्या जेवणाला एकदम येतात. मी काय करू? शिट्टी वाजवून त्यांना रांगेत उभं करते. आणि नुसतं उभं राहून कंटाळतात, भांडतात, म्हणून कवायत घेते."

"कवायत?" एक सदस्य म्हणाले.

"हो. हात वर, हात बाजूला, कमरेतून वाकणे. दिवसभर बसून गाडी चालवतात, पाठी धरलेल्या असतात. ए, उभा राहा रे, दाखव."

आणि मागचा एक जाडजूड टॅक्सीवाला उठला आणि त्याने आयोगासमोर सरळ वाकून पायाचे अंगठे धरले! टाळ्या! मी पण वाजवल्या, बिस्किट खाली पडलं.

आणि मग माझं लक्ष मामाकडे गेलं.

मामाच्या डाव्या हातात स्टॉपवॉच होतं. उजवा हात घंटीच्या वर, हवेत, तिथल्या तिथे थांबलेला. आणि मामा टीचरकडे बघत होता. तोंड थोडंसं उघडं. मी आयुष्यात मामाचं तोंड विनाकारण उघडं पाहिलेलं नाही. टीचर बोलत होत्या, दुपारी उन्हाची वीज भरपूर असते तर दुपारभर दर कमी ठेवा, लोक आपोआप विखरून येतील, आणि काय काय. वकील घड्याळ बघायला लागले. वकील खोकले. दुसऱ्यांदा खोकले. हात हवेतच.

शेवटी टीचरच थांबल्या, आपल्या मनगटावर बघितलं, वळल्या आणि भर हॉलमध्ये मामाला म्हणाल्या, "अहो घंटीवाले, माझी पाच मिनिटं केव्हाच झाली. वाजवत का नाही?"

मामाचा हात असा धाडकन पडला घंटीवर की घंटी टेबलावरून उडाली, टिंग टिंग टिंग करत घरंगळत गेली आणि थेट कंपनीच्या वकिलांच्या बुटाशी जाऊन थांबली. अध्यक्षबाईंनी फायलीमागे तोंड लपवलं. हसत होत्या, खांदे हलत होते. वकिलांनी घंटी उचलली, मामाला परत आणून दिली आणि म्हणाले, "जेवढा जास्त वेळ यांना, तेवढाच आम्हालाही मिळावा." मिळाला. मामाने त्यांना बरोब्बर त्या वेळेला टिंग केलं. पण कान लालभडक.

त्या संध्याकाळी मामा जेवला नाही. आई घाबरली. "दादा, कपाळ बघू. ताप आहे का?"

"चिमणे," मामा म्हणाला, "माझ्या हातून आज अन्याय झाला."

"अगं बाई! कुणावर?"

मी सगळं सांगून टाकलं. पोटात ठेवता येतच नाही मला काही. हात हवेत कसा होता ते करून दाखवलं, घंटी कशी घरंगळली ते पेला घरंगळवून दाखवलं. बाबा हसता हसता खुर्चीवरून सरकले. "मला शेवटचं वाक्य पूर्ण करू दिलं नाहीत, आणि तिथे अख्खं पुराण ऐकलंत!" आईने फक्त एकच विचारलं, पण असं गोड आवाजात विचारलं की मला कळलं, आता सुटका नाही.

"दिसायला कशी आहे रे दादा?"

मामा उठून खोलीत गेला.

आणि दुसऱ्या दिवसापासून तो ऑफिसला लांबच्या रस्त्याने जायला लागला. आमच्या घरापासून सरळ गेलं की टीचरचं स्टेशन, तिथून पुढे आयोग. सायकलवर चुटकीसरशी. मामा वर्षानुवर्षं तसाच जायचा. आता तो उलट्या दिशेला निघायचा, पाण्याच्या टाकीच्या चढावरून, अख्ख्या गावाला वळसा घालून. घामाने निथळत पोचायचा. संध्याकाळी परत तेच.

आईने एक दिवस दारातच अडवलं. "हे काय चाललंय?"

"प्रकरण आयोगापुढे आहे. निकाल लागेपर्यंत मी त्या रस्त्याने जाणार नाही."

"रस्ता काय पक्षकार आहे?"

"रस्त्यावर पक्षकार आहे."

"अरे पण तू कुठे निकाल देतोस? तू घंटी वाजवतोस!"

"एकदा नाही वाजवली ना," मामा म्हणाला. "आता उद्या निकाल तिच्या बाजूने लागला आणि मी तिच्या दारात चहा पिताना दिसलो, तर लोक म्हणतील की बघा, म्हणून घंटी थांबली होती. मग तिचं खरं म्हणणंही खोटं ठरेल. मला काय व्हायचंय ते होऊ दे. तिचं म्हणणं खरं आहे."

बाबा म्हणाले, "म्हणजे निकाल लागल्यावर चहा प्यायला हरकत नाही?" मामा चढाकडे सायकल वळवून पळालाच.

झालं, त्या दिवसापासून आमचं अख्खं घर चार्जिंग स्टेशनच्या वीजदराकडे डोळे लावून बसलं. आमच्याकडे चार्जिंगची गाडी सोडा, धड चालणारा मिक्सर नाही! पण आई सकाळी उठली की "निकाल?" रात्री झोपताना "निकाल?" मामा म्हणायचा, आयोग विचार करतोय. आई म्हणायची, "करा म्हणावं सावकाश. तोपर्यंत नवरामुलगा कवळी लावून बोहल्यावर चढेल."

मला काही राहवेना. माझ्या मैत्रिणीकडे चार्जिंगची स्कूटर आहे. तिची मागून घेतली आणि गेले ना सरळ टीचरच्या स्टेशनवर! घरी कुणालाही न सांगता. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की बॅटरी फुल आहे. मग गोदामाभोवती चकरा मारत बसले, पण ती मेली बॅटरी उतरेचना.

टीचरनी काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "नव्वद टक्के आहे. इथे कशाला आलीस?"

"मला शंभर आवडतं," मी म्हटलं.

"बरं. मग रांगेत राहा. एक टेम्पो लागलाय, पुढे दोन टॅक्स्या आहेत. तोवर... फुर्रर्र! हात वर!"

आणि मी टॅक्सीवाल्यांबरोबर कवायत केली. शप्पथ. आवारात पांढऱ्या फक्कीने रेघा आखलेल्या, प्रत्येकाची ठरलेली जागा. पहिल्या मशीनवर टेम्पो चार्ज होतोय आणि बाजूची तीन मशीनं प्लास्टिक घालून गप्प उभी. सुनावणीतला तो जाडजूड टॅक्सीवाला माझ्या शेजारी होता. तो म्हणाला, "पोरी, गुडघे वाकवू नको, टीचर ओरडतात." इतकं भारी वाटत होतं की मी कशाला आले तेच विसरले. मग पाणी प्यायला थांबलो तेव्हा टीचरच म्हणाल्या, "तू सुनावणीला होतीस ना? मागे बसून बिस्किटं खात होतीस."

"हो."

"ते घंटीवाले तिथे रोज असतात?"

मी अगदी साधा चेहरा केला. "असतात. का हो?"

"काही नाही. रोज सकाळी इथून सायकलवर जायचे. मशीनं पुसत असायचे मी तेव्हा. मान खाली, पण बरोबर त्या फाटकापाशी आले की घंटी वाजवायचे. सायकलची. समोर कुणी नसलं तरी. आता जात नाहीत." त्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होत्या. "मी सगळ्यांसमोर बोलले त्याचा राग आला असेल. चूकच झाली माझी."

काय!! मामा रोज फाटकापाशी घंटी वाजवत होता? आमच्या मामाने? आणि आम्हाला वाटत होतं हे त्या दिवशी हॉलमध्ये सुरू झालं!

"आणि तसंही," टीचर म्हणाल्या, "दर बदलले नाहीत तर मी हे बंद करणार आहे. एका मशीनवर चार मशीनांचा संसार नाही चालत. भावाच्या गावी मुलींच्या हॉस्टेलवर काम मिळतंय. निकाल विरोधात गेला तर महिन्याभरात जाईन."

"नाही नाही नाही जाऊ नका," मी ओरडले, "मामा मरेल!"

टॅक्सीवाला वाकलेला तसाच वाकलेला राहिला.

"मामा?" टीचर म्हणाल्या.

"म्हणजे... माझा मामा आहे तो... राग नाही हो आलेला... निकाल लागेपर्यंत त्याला या रस्त्याने येता येत नाही, बस, एवढंच, मी काही म्हटलं नाही, मी जाते." मी स्कूटरला किक मारायला गेले. तिला किक नसते. तशीच ढकलत फाटकापर्यंत नेली.

मागून टीचरची शिट्टी वाजली. फुर्रर्र. वळून बघितलं तर कुणी काहीच केलेलं नव्हतं. त्या उगीचच वाजवत होत्या. आणि लाजल्या होत्या!!

मी उडतच घरी आले आणि मामाला सगळं सांगितलं. वाटलं होतं खूश होईल. त्याचा चेहरा असा पडला की बस.

"तू प्रकरण चालू असताना पक्षकाराला भेटलीस?"

"मी स्कूटर चार्ज केली. ती पण नाही केली."

"माझी भाची म्हणून?"

"...थोडीशी."

मामा दुसऱ्या दिवशी आयोगाच्या सचिवांकडे गेला आणि त्याने स्वतःहून कबूल केलं. भाची तिथे गेली होती, कवायत केली, असं असं बोलली. सचिव म्हणे डोक्याला हात लावून बसले. "अहो, निकालाशी तुमचा संबंध नाही, तुमच्या भाचीचा तर त्याहून नाही. तिला फक्त परत सुनावणीला आणू नका, बिस्किटं पुरत नाहीत." पण मामाचं समाधान होईना. घरी आला आणि खिडकीपाशी बसून राहिला. मी सॉरी म्हटलं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खूप हळू विचारलं, "भावाच्या गावी... नक्की म्हणाली?"

"निकाल विरोधात गेला तर."

"हं," मामा म्हणाला. आणि त्या क्षणी मला कळलं की हा माणूस त्या निकालाच्या सगळ्यात जवळ आहे, त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, आणि त्याला तो एका केसाइतकाही इकडचा तिकडे करायचा नाहीये. मला रडूच आलं. मग आईला आलं. मग बाबा म्हणाले, "आता पेल्यावर चमचा कोण वाजवणार, सगळ्या एकदम रडताय," आणि आम्ही हसायला लागलो.

निकाल लागला तो एका साध्या दुपारी. आई भाजी निवडत होती, मी परीक्षेचा अभ्यास करत नव्हते. फोन वाजला. मामा.

"चिमणे, लागला."

"काय लागला?"

"निकाल. आत्ताच बोर्डावर लावला मी. आधी उभ्याने पूर्ण वाचला. मग लावला."

"कुणाच्या बाजूने रे?"

"निकाल कुणाच्या बाजूने नसतो. आयोगाने सर्व बाबींचा साकल्याने विचार करून..."

"दादाऽऽ!"

"चार्जिंग स्टेशनांना पंधरा मिनिटांवरचा तो आकार काढलाय," मामा भरभर म्हणाला. "आता जेवढी वीज वापराल तेवढ्याचंच बिल. तारांचा खर्च त्यातच धरलाय, म्हणून दर थोडा वाढलाय. आणि दुपारी स्वस्त. चिमणे, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय."

मामाने! रजा! आईने हातातली भाजी वर उडवली. खरंच उडवली, एक जुडी पंख्याला लागली. मी बाबांना ओढलं, बाबांनी चपला उलट्या घातल्या, आम्ही रस्त्यावर धावत आलो आणि समोर दिसेल त्या टॅक्सीत कोंबून बसलो. आई म्हणाली, "चार्जिंग स्टेशनला! पटकन!" टॅक्सीवाला वळला. तोच तो जाडजूड! "मी पण तिकडेच चाललोय," तो म्हणाला, "निकाल लागलाय, कळलं का? आणि तू गुडघे वाकवणारी ना?"

आम्ही पोचलो तेव्हा मामा नुकताच फाटकापाशी आला होता. जवळच्या रस्त्याने! त्याने फाटकापाशी सायकलची घंटी वाजवली. समोर कुणी नव्हतं.

आत काय दृश्य होतं! चारही मशीनांवरचं प्लास्टिक काढलेलं, चारही मशीनं चालू, चार गाड्या एकदम लागलेल्या, हिरवे दिवे लखलख. टीचर एका मशीनकडून दुसऱ्याकडे नुसत्या पळत होत्या, लहान मुलीसारख्या. आणि गंमत म्हणजे ड्रायव्हर लोक तोंडं पाडून उभे. एकजण म्हणाला, "टीचर, आता रांग नाही म्हणजे कवायत पण नाही का?"

"गाडी चार्ज होते आहे ना? मग?"

"पाठ धरते ना आमची!"

तेवढ्यात टीचरना मामा दिसला. आम्ही तिघं टेम्पोच्या आड लपलो. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

"काय चार्ज करायचंय?" टीचरनी सायकलकडे बघत विचारलं.

"मला," मामा म्हणाला, "मला थोडं बोलायचं होतं."

टीचरनी मनगटावरचं घड्याळ दाबलं. शिट्टी ओठात धरली. "पाच मिनिटं."

आणि माझ्या मामाने काय केलं, तर निकाल सांगायला सुरुवात केली! परिच्छेद कुठला, त्यात काय म्हटलंय, दुपार म्हणजे नक्की किती ते किती, पुढच्या फेरतपासणीत काय होऊ शकतं. गाड्या चार्ज होत असल्यामुळे कुणाला काही काम नव्हतं, सगळे ड्रायव्हर गोल करून ऐकायला लागले. एकाने शंकासुद्धा विचारली. मामाने तिचं सविस्तर उत्तर दिलं! आई दात ओठ खात होती. "वेळ घालवतोय, मेला वेळ घालवतोय, अरे मुद्द्याचं बोल!"

मामाने रुमालाने कपाळ पुसलं. घड्याळात बघितलं. त्याला कळलं की वेळ गेला. शेवटचं अर्धं मिनिट उरलेलं असताना माणसाचा चेहरा कसा होतो ते त्याने आयुष्यभर समोरून बघितलं होतं, आणि आता तोच चेहरा त्याचा झाला होता.

"मी रोज इथून जायचो," मामा म्हणाला. "फाटकापाशी समोर कुणी नसायचं. तरी घंटी वाजवायचो. ती तुमच्यासाठी असायची. सुनावणीत ती वाजली नाही कारण... कारण तुम्ही थांबू नये असं वाटलं. ती चूक होती. मी कबूल केलीय. पण वाटलं ते खरं होतं. माझं वय झालंय, सायकल आहे, बहिणीच्या घरी राहतो, लोकांना मध्येच थांबवायची वाईट सवय आहे. तुम्ही भावाच्या गावी जाऊ नका. म्हणजे जायचं तर जा. पण नका जाऊ. आणि म्हणून मला असं..."

पाच मिनिटं झाली. सगळ्यांना कळलं. टीचरच्या ओठात शिट्टी होती, गाल फुगलेले.

"वाजवू नका होऽऽ!" टेम्पोमागून आई किंचाळली.

टीचरनी शिट्टी काढली. खाली सोडली. ती गळ्यात झुलत राहिली.

"बोला," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे आता चारही चालू आहेत. मला वेळच वेळ आहे."

आणि मामाला पुढचं काही सुचेना! आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला वेळ दिला आणि त्याच्याकडे शब्द संपले. तो नुसता हसत उभा राहिला, कान लाल, आणि त्याच्याकडे बघून टीचर हसायला लागल्या, आणि जाडजूड टॅक्सीवाला ओरडला, "टीचर, आता तरी घ्या कवायत!" आणि टीचरनी शिट्टी उचलून अशी काही फुंकली की कबुतरं उडाली. हात वर! मामाचेही हात वर. आईचे, माझे, बाबांचे उलट्या चपलांत, सगळ्यांचे हात वर!!

परवा टीचर आमच्याकडे जेवायला आल्या. आता त्यांना मामी म्हणायची प्रॅक्टिस करते आहे मी, पण सारखं टीचरच तोंडात येतं. त्यांना ते राहिलेल्या वाक्याचं कुणीतरी सांगितलं. त्या पान सोडून बाबांकडे वळून बसल्या. "सांगा ना. ठाम काय होतं तुमचं? कुणी थांबवणार नाही."

बाबा उभे राहिले. घसा साफ केला. मामाने हातातला चमचा स्वतःहून खाली ठेवला. "आणि म्हणूनच," बाबा म्हणाले, "माझं असं ठाम... ठाम..."

विसरले! इतकी वर्षं जपलेलं वाक्य, विसरले!

हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग मामा एकदम गंभीर झाला. म्हणाला, कंपनी या निकालाचा आयोगाकडेच फेरविचार मागणार अशी कुजबुज आहे ऑफिसात. तसं झालं तर प्रकरण परत उभं राहील. घंटी दुसऱ्या कुणाकडे तरी द्यायला मी आजच अर्ज केलाय. पण तेवढ्याने भागणार नाही. निकाल लागेपर्यंत मला परत लांबच्या रस्त्याने जावं लागेल.

"जा की," टीचर शांतपणे भात कालवत म्हणाल्या. "पण तोवर आपलं लग्न झालेलं असेल आणि तुम्ही निघणार माझ्याच घरातून. तिथून लांबचा रस्ता कुठून काढताय तेवढं बघून ठेवा."